अंदमानची बंदी-वसाहत व तिच्या इतिहासांतील कांहीं न सुटलेले प्रश्न

अंदमान म्हटलें म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती सेल्युलर तुरुंगाची तीन मजली इमारत, तिच्या मधोमध असलेला टेहळणीचा मनोरा आणि तिच्या अंगणांतील तेलाचा कोलू. याचें कारण उघड आहे. १९२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथानें तें चित्र महाराष्ट्राच्या मनावर असें कोरून ठेविलें कीं, त्याच्या मागचें कांहीं दिसेनासें झालें. त्यामुळें १८५७ च्या शिपायांनाहि याच कोठड्यांत कोंडलें होतें, असें सुशिक्षित माणसेंहि बोलतांना आढळतात. हा समज चुकीचा आहे. सेल्युलर तुरुंगाचें काम १८९६ सालीं सुरू झालें व १९०६ सालीं पुरें झालें. कैद्यांची पहिली तुकडी अंदमानांत उतरली ती १० मार्च १८५८ रोजीं. म्हणजे इमारत पुरी होण्यापूर्वींचा अठ्ठेचाळीस वर्षांचा इतिहास या चित्राबाहेर राहतो, आणि या वसाहतीविषयींचे जे प्रश्न आजवर सुटले नाहींत त्यांपैकीं सर्वांत अवघड प्रश्न नेमके त्याच काळांतले आहेत.

या बेटांविषयीं भुताखेतांच्या व अद्भुत सुटकेच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. ज्या प्रश्नांना कागदाचा आधार आहे, परंतु तो आधार एकाच बाजूचा किंवा एकाच तोंडचा आहे, असे तीन प्रश्न घेऊन त्या साक्षींची किंमत किती धरावी, एवढेंच पाहावयाचें आहे.

प्रथम वसाहतीच्या स्थापनेविषयीं थोडेंसें. इ. स. १७८९ मध्यें लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यानें कंपनी सरकारच्या वतीनें येथें पहिली वसाहत घातली होती. ती पुढें उत्तरेकडे हलविण्यांत आली आणि रोगराईमुळें १७९६ सालीं मोडली. यानंतर साठ वर्षें या बेटांकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानांतील तुरुंग भरून गेले, तेव्हां डॉ. मोॲट यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिटी बेटांच्या पाहणीसाठीं गेली आणि तिनें ब्लेअरचेंच जुनें बंदर पसंत केलें. २२ जानेवारी १८५८ रोजीं कॅप्टन मॅन यानें तेथें निशाण लावलें. मार्च महिन्याच्या १० तारखेस ‘सेमिरामिस’ हें जहाज दोनशें कैदी घेऊन बंदरांत शिरलें. त्यांजवर सुपरिंटेंडेंट म्हणून नेमलेला डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा पूर्वीं आग्र्याच्या तुरुंगाचा अधिकारी होता.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. ज्याला तुरुंग म्हणतां येईल असें त्या दिवशीं बेटावर कांहींएक नव्हतें. भिंत नव्हती, कोठडी नव्हती. प्रथम चॅथम बेटावर मुक्काम पडला. तेथें पाण्याची टंचाई दिसल्यावर रॉस बेटावर ठाणें नेण्यांत आलें. कैद्यांनीं पायांतील बेड्यांसह जंगल तोडावयाचें आणि आपल्या राहण्याच्या झोंपड्या आपणच उभारावयाच्या, असा क्रम होता. समुद्र ही एक भिंत व अरण्य ही दुसरी, असा सरकारचा हिशेब. कैद्यांचा हिशेब निराळा होता. हें अरण्य उत्तरेकडे ब्रह्मदेशाला जाऊन मिळतें आणि दहा दिवसांच्या वाटेवर एका राजाचें राज्य लागतें, अशी समजूत त्यांच्यांत पसरली. नकाशा पाहण्याची सोय कोणालाच नव्हती. अयोध्या-बिहारकडच्या मैदानी मुलखांतून आलेल्या शिपायाला इतकें दाट झाड बेटावर असूं शकतें, हेंच मुळीं खरें वाटलें नसल्यास नवल नाहीं.

पळून जाण्यास त्या पहिल्याच महिन्यांत प्रारंभ झाला. वॉकरनें १८५८ च्या जूनच्या मध्यापर्यंतचा जो तक्ता दिला आहे, तो असा: आलेले कैदी ७७३, इस्पितळांत मेलेले ६४, पळून जाऊन पुन्हां न सांपडलेले १४०, आत्महत्या १, पळून गेल्याबद्दल फांशीं दिलेले ८७, शिल्लक ४८१. सुमारें शंभर दिवसांत २९२ माणसें कमी झालीं. पळून गेलेला कैदी सांपडला कीं त्याला फांशीं द्यावयाचें, ही वॉकरची रीत कलकत्त्याच्या सरकारलाहि रुचली नाहीं, व पळून जाण्यासाठीं फांशीं देऊं नये अशी ताकीद त्याला मिळाली. तोंपर्यंत सत्त्याऐशीं माणसें गेलीं होतीं.

या तक्त्याची बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. ती पुन्हां करून पाहण्यासारखी आहे. त्यांतील “पुन्हां न सांपडलेले १४०” हा आकडा मात्र इतर आकड्यांच्या जातीचा नाहीं. मेलेला, फांशीं गेलेला, शिल्लक राहिलेला कैदी म्हणजे घडलेली गोष्ट आहे. न सांपडलेला कैदी म्हणजे काय घडलें हें माहीत नसल्याची कबुली आहे. आमचा पहिला प्रश्न या एकशें चाळीस माणसांविषयींचा.

त्यांच्याविषयीं सविस्तर अशी एकच जबानी आहे. ती दूधनाथ तिवारी याची. हा १४ व्या देशी पलटणींतील शिपाई. झेलम येथील बंडाबद्दल त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. १८५८ च्या एप्रिलमध्यें कराचीहून ‘रोमन एंपरर’ या जहाजानें तो अंदमानांत आला. वसाहतींत त्याचा क्रमांक २७६ होता. २३ एप्रिल रोजीं तो रॉस बेटावरून सुमारें नव्वद सोबत्यांसह पळाला. मोठ्या बेटावर आणखी लोक येऊन मिळाले व टोळी सुमारें एकशें तीस माणसांची झाली. ब्रह्मदेशची वाट ठाऊक आहे असें सांगणारा आगा नांवाचा एक कैदी तिचा पुढारी. तेरा दिवस ही टोळी जंगलांत भटकली. खाण्यास कांहीं नाहीं, पाणी क्वचित्. कित्येक वाटेंतच पडून राहिले. चौदाव्या दिवशीं अंदमानी लोकांनीं तिला घेरलें. त्या हल्ल्यांत व पुढच्या एका हल्ल्यांत दूधनाथचे सोबती मारले गेले. तो स्वतः जखमी झाला, पण त्याला त्यांनीं जिवंत ठेविलें. त्याची जखम बरी केली, त्याचें डोकें भादरलें, त्याला आपल्यांत घेतलें आणि पुढें तेथेंच त्याचें लग्नहि लावून दिलें. एक वर्ष व कांहीं दिवस तो त्यांच्यांत राहिला. १७ मे १८५९ रोजीं अंदमानी लोक ॲबर्डीनच्या ठाण्यावर मोठा हल्ला करण्यास निघाले असतां तो त्यांच्यांतून निसटला व त्यानें ठाण्यावर आधीं खबर दिली. हल्ला फसला. दूधनाथला पुढें माफी मिळून तो स्वदेशीं गेला. त्याची ही हकीगत वॉकरनें उतरून घेतली, व पोर्टमन या अधिकाऱ्यानें अंदमानी लोकांविषयींच्या आपल्या १८९९ च्या मोठ्या ग्रंथांत तिचा समावेश केला. त्यामुळें ती आपणांस उपलब्ध आहे.

या जबानीवर दोन प्रकारचे लेखक दोन प्रकारें भाळले आहेत. एकांनीं तिला अरण्यकथा केलें. दुसऱ्यांनीं दूधनाथला विश्वासघातकी ठरवून तेवढ्यावर विषय मिटविला. दोघांनींहि जबानी म्हणून तिची तपासणी केलेली नाहीं. पहिली गोष्ट अशी कीं, ही साक्ष देणाऱ्याच्या गळ्याला फांस लागलेला होता. पळून गेलेल्याला फांशीं देण्याची रीत बंद झाली होती खरी, पण जंगलांतून वर्षानें परतलेल्या माणसाला ती बातमी कशी ठाऊक असणार? आपल्याबरोबर गेलेले सर्व मेले, मीच तेवढा वांचलों व सरकारच्या उपयोगी पडलों, असें सांगण्यांत त्याचें हित होतें. दुसरी गोष्ट, ऐकणाऱ्याचेंहि त्यांत हित होतें. दूधनाथच्या हकीगतीनें वॉकरच्या तक्त्यांतील एकशें चाळीसांचें खातें बंद होत होतें, आणि बंद करणारा हात अंदमानी लोकांचा होता, वॉकरचा नव्हे.

म्हणून ती खोटी ठरते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तहान, भूक, वाट चुकणें, आगानें दिलेली भूल हा भाग स्वतःस मोठेपणा देण्यासाठीं रचलेला दिसत नाहीं. परंतु त्याच्या टोळीचे एकशें तीस आणि तक्त्यांतील एकशें चाळीस हे दोन आकडे जवळजवळचे आहेत म्हणून एकच समजणें धोक्याचें आहे. टोळींतील कांहीं लोक उपासमारीनें मागें फिरून ठाण्यावर आले असणें व ते त्या सत्त्याऐशींत मोडत असणें अगदीं संभवनीय आहे. तसें असेल तर त्या एकशें चाळीसांपैकीं बऱ्याच जणांची हकीगत दूधनाथच्या जबानींत मुळींच येत नाहीं. शिवाय ज्या अंदमानी लोकांनीं एकाला वर्षभर संभाळलें, त्यांनीं दुसऱ्या कोणाला संभाळलें नसेल असें मानण्यास आधार नाहीं. १८५९ च्या एप्रिलमधील एका हल्ल्यांत त्यांचा रोख कैद्यांवर देखरेख करणाऱ्या मुकादमांवर होता आणि पायांत बेडी असलेल्यांना ते त्रास देत नव्हते, असें सरकारी लिखाणांतच नमूद आहे. बेडी कोणाच्या पायांत कां असते, हें त्यांना कोणी तरी समजाविलें असलें पाहिजे, किंवा तें त्यांना पाहूनच समजलें असलें पाहिजे. दोन्ही गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत.

आतां दुसरा प्रश्न. वसाहत वाढत गेली तसें बंदरांतील व्हायपर या लहानशा बेटावर १८६४ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत पक्का तुरुंग बांधण्यांत आला. ब्लेअरच्या ज्या जहाजावरून या बेटास नांव पडलें, तें जहाज आज कोणास आठवत नाहीं. पण इंग्रजी शब्दाचा अर्थ विषारी साप असा असल्यामुळें तेथें सापांचा सुळसुळाट होता म्हणून हें नांव, अशी व्युत्पत्ति मात्र सर्रास सांगतात. टेकडीवरील फांशीघराची घुमटीदार इमारत अद्याप उभी आहे. तेथें ११ मार्च १८७२ रोजीं शेर अली आफ्रिदी याला फांशीं देण्यांत आलें.

शेर अली हा राजकीय कैदी म्हणून आलेला नव्हता. पेशावरच्या बाजूस इंग्रज अधिकाऱ्यांच्या पदरीं स्वारांत त्यानें नोकरी केली होती. पिढीजात वैरांतून आपल्याच एका नातलगाचा खून केल्याबद्दल १८६७ सालीं त्याला फांशीची शिक्षा झाली व ती जन्मठेपेवर आली. अंदमानांत त्याची वर्तणूक चांगली मानली गेली; होपटाऊन येथें त्याला न्हाव्याचें काम मिळालें होतें व हिंडण्याफिरण्याची मोकळीक होती. ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो हे वसाहत पाहण्यास आले होते. दिवसभर रॉस, व्हायपर वगैरे ठिकाणें पाहून झाल्यावर माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहण्याची त्यांस इच्छा झाली. उतरतां अंधार पडला. मशालींच्या उजेडांत ते होपटाऊनच्या धक्क्यावर बोटीकडे जात असतां शेर अलीनें मागून झडप घालून त्यांच्या पाठींत सुरी खुपसली. हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल अधिकारावर असतां खून होऊन मेल्याचें हें एकच उदाहरण आहे.

प्रश्न असा कीं, हें कृत्य एकट्याचें कीं कटाचें? संशयास जागा होती. साडेचार महिन्यांपूर्वींच, २० सप्टेंबर १८७१ रोजीं, कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन यांचा खून झाला होता, व त्यांतील आरोपीहि वायव्येकडचाच होता. वहाबी खटल्यांत शिक्षा झालेले पाटण्याचे मौलवी अहमदुल्ला, ठाणेश्वरचे मुन्शी महंमद जाफर वगैरे लोक त्या वेळीं अंदमानांतच होते. चौकशी कसून झाली, पण कटाचा पुरावा निघाला नाहीं. शेर अलीनें शेवटपर्यंत एकच सांगितलें: हें खुदाच्या हुकुमानें केलें, आणि यांत भागीदार कोणी असेल तर तो खुदाच. एखाद्या मोठ्या गोऱ्या अधिकाऱ्यास मारण्याचा निश्चय त्यानें आपल्या शिक्षेच्या वेळींच केला होता, असेंहि त्यानें सांगितल्याचें नमूद आहे.

आमचें मत विचाराल तर सरकारी चौकशीचा निष्कर्ष या बाबतींत मान्य करण्यास हरकत दिसत नाहीं. कट सिद्ध झाला असता तर सरकारला तो हवाच होता. हवी असलेली गोष्ट शोधूनहि सांपडली नाहीं, यास कांहीं वजन आहे. शिवाय मेयो त्या संध्याकाळीं त्या धक्क्यावर येतील हें आधीं ठरलेलें नव्हतें. तरी या प्रकरणांत जिज्ञासूची वाट ज्यानें अडविली, तो कट करणारा नसून चरित्रकार आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यानें १८७५ सालीं लिहिलेल्या मेयोच्या चरित्रांत, या माणसाचें नांव, त्याचें गांव किंवा त्याची जमात यांस आपल्या ग्रंथांत स्थान मिळणार नाहीं, असें बुद्ध्या जाहीर करून तीं गाळलीं. संतापाच्या भरांत मित्राच्या चरित्रकारानें असें करणें मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु हंटर हा सरकारी दफ्तराचा व गॅझेटियरांचा कर्ता होता. नांव गाळल्यानें वाचकाचें काय नुकसान होतें, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

तिसरा प्रश्न सेल्युलर तुरुंगाचा. १८९० च्या लायल-लेथब्रिज कमिटीनें असें सुचविलें कीं, अंदमानांतील उघड्या वसाहतीचा धाक कमी झाला आहे, तरी प्रत्येक नव्या कैद्यास आरंभीं कांहीं काळ एकान्तकोठडींत ठेवावें. त्यांतून ही इमारत निघाली. मध्यें मनोरा व त्याभोंवतीं सात लांब बराकी. प्रत्येक बराकीचें तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यानें कैद्याचें तोंड पाहूं नये. कोठडी सुमारें साडेतेरा फूट लांब व सात फूट रुंद. एकंदर कोठड्या किती, याविषयीं मात्र छापील पुस्तकांतहि एकवाक्यता नाहीं. कोणी ६९३ देतात, कोणी ६९६, कोणी ६९८. दगडविटांच्या मोजणीची ही स्थिति. मग माणसांच्या मोजणीविषयीं काय बोलावें!

या तुरुंगांत माणिकतळा खटल्यांतील बंगाली तरुण आणून ठेविले होते. त्यांपैकीं इंदुभूषण राय यानें १९१२ च्या एप्रिलमध्यें कोठडींत गळफास लावून घेतला. त्याच वर्षीं उल्हासकर दत्त याचें मन बिघडलें व पुढें त्याला मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळांत पाठविण्यांत आलें. इंदुभूषणाच्या मृत्यूचा कठोर मजुरीशीं संबंध नाहीं, अशी सरकारी बाजू होती. कैद्यांची बाजू याच्या अगदीं उलट. येथें साक्षीची स्थिति मागील दोन प्रकरणांहून पालटलेली आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल. बारींद्रकुमार घोष आणि उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय यांनीं सुटून गेल्यावर आपापल्या आठवणी लिहिल्या. ४ जुलै १९११ रोजीं तेथें आलेल्या विनायक दामोदर सावरकर यांनीं मराठींत लिहिल्या. स्वतः उल्हासकरानेंहि लिहिल्या. भाषा दोन, स्वभाव भिन्न, परस्परांविषयींचीं मतेंहि सर्वत्र सारखीं नाहींत. असें असतां वाखाच्या कुटाईनें फुटलेले हात, तीस पौंड खोबरेल तेलाचा कोलूचा रोजचा बोजा, आणि जेलर बारी याचें बोलणें या बाबतींत ते एकमेकांस पुष्टि देतात. आठवणींच्या पुस्तकांत दिवस-तारखांची चूक होते व आवेशहि असतो. तो वजा टाकला तरी इतकें उरतें कीं, सरकारी निष्कर्ष तसाच स्वीकारतां येत नाहीं. इंदुभूषणाच्या मनांत अखेरच्या रात्रीं काय होतें, तें मात्र कोणत्याच बाजूच्या कागदावरून कळणारें नाहीं.

१८५८ व १९१२ यांतील फरक एवढाच कीं, दुसऱ्या खेपेस कैद्यांच्या हातीं लेखणी होती. पहिल्या पिढींतहि ती अगदींच नव्हती असें नाहीं. मौलाना फझ्ल-इ-हक खैराबादी यांनीं अंदमानांत असतां अरबींत लिहिलेलें लिखाण बाहेर आलें. त्यांचा अंत तेथेंच १८६१ सालीं झाला. मुलगा सुटकेचा हुकूम घेऊन बंदरांत उतरला तों समोरून बापाचाच जनाजा येत होता, अशी आख्यायिका आहे. ती हृदयद्रावक आहे, आणि म्हणूनच जपून वापरावी.

सेल्युलर तुरुंगाच्या पुढील इतिहासाची येथें नुसती नोंद पुरे. १९३३ च्या मे महिन्यांतील अन्नत्यागांत महावीर सिंह, मोहनकिशोर नामदास व मोहित मैत्र हे तिघे मृत्यु पावले. १९३७ सालीं पुन्हां अन्नत्याग झाला, व १९३८ च्या आरंभीं राजबंद्यांना हिंदुस्थानांत परत नेण्यांत आलें. २३ मार्च १९४२ रोजीं जपानी सैन्य उतरलें आणि त्याच कोठड्यांत बेटावरील रहिवासी हेरगिरीच्या संशयानें कोंडले गेले. डॉ. दिवाणसिंग यांचा १४ जानेवारी १९४४ रोजीं छळानें तेथेंच अंत झाला; ३० जानेवारीस हंफ्रीगंज येथें ४४ जणांस गोळ्या घातल्या. सात बराकींपैकीं आज तीन शिल्लक आहेत. १९७९ सालीं त्यांस राष्ट्रीय स्मारक करण्यांत आलें, व मनोऱ्यांत संगमरवरी शिळांवर राजबंद्यांचीं नांवें प्रांतवार कोरलेलीं आहेत.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, जपानी अमलांत पोर्ट ब्लेअरच्या स्थानिक दफ्तराचा मोठा भाग नष्ट झाला. कलकत्ता, दिल्ली व लंडन येथें ज्या नकला किंवा अहवाल गेले ते वांचले. पण वरच्या कचेरीकडे अहवाल जातो तेव्हां त्यांत आंकडे जातात, नांवें क्वचितच जातात. बेटांचीं नांवें तर बदललींहि. रॉस बेटास २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात, व पोर्ट ब्लेअरचें नांव २०२४ सालीं श्रीविजयपुरम् झालें. त्यामुळें जुन्या कागदांतील स्थळें शोधतांना पुढील अभ्यासकास दोन-दोन नांवें जवळ ठेवावीं लागतील.

परंतु वॉकरच्या तक्त्यांतील एकशें चाळीस माणसांचीं नांवें मिळण्याची आशा अगदींच सोडावी असें आम्हांस वाटत नाहीं. तीं अंदमानांत शोधूं नयेत, एवढेंच. जहाजावर चढण्यापूर्वीं प्रत्येक कैदी कोणत्या तरी न्यायासनापुढें उभा राहिला होता. दूधनाथ तिवारी अंदमानांत क्रमांक २७६ होता; झेलमच्या कमिशनपुढें तो नांव, गांव, जात व पलटण असलेला मनुष्य होता. कैदी जेथून पाठविले गेले त्या जिल्ह्यांच्या व पलटणींच्या दफ्तरांतून शिक्षेच्या याद्या काढून, त्या कराची व कलकत्ता येथून सुटलेल्या जहाजांच्या तारखांशीं ताडून पाहाव्या लागतील. मुंबई इलाख्याच्या न्यायखात्याच्या व लष्करी दप्तरांत असें काम करण्यास जागा आहे. ३१ जुलै १८५७ रोजीं कोल्हापुरास उठलेल्या २७ व्या पलटणींतील किती शिपायांस काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांपैकीं कोण कोठें पाठविले गेले, आणि त्यांतील एखादा १८५८ च्या त्या पहिल्या शंभर दिवसांत रॉस बेटावर होता काय, हा शोध मुंबईच्या दफ्तरखान्यांतूनच सुरू करावा लागेल.